गोळ्यांची तयार पाकिटं: सोय आहे, पण औषधांची यादी कोणाकडे?

हल्ली काही ज्येष्ठ रुग्ण तपासणीला येतात तेव्हा पिशवीत स्ट्रिप्स नसतात, छोट्या पाकिटांची माळ असते. प्रत्येक पाकिटावर तारीख, 'सकाळी' किंवा 'रात्री', आणि आत चार-पाच गोळ्या. महिनाभराचा माल घरपोच येतो. ऑर्डर बहुतेक वेळा परगावी किंवा परदेशी असलेला मुलगा किंवा मुलगी करते.

मी या पाकिटांच्या विरोधात नाही. ज्यांना दिसायला कमी आहे, विसर पडतो, त्यांच्यासाठी ती उपयोगी आहेतच. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील २०० रुग्णांना वेळेनुसार बांधलेल्या गोळ्या दिल्या, तेव्हा गोळ्या नेमाने घेण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेलं. मात्र त्या अभ्यासात फार्मासिस्ट प्रत्येक रुग्णाला समोर बसवून औषधं समजावत होता आणि नियमित भेटतही होता. आपल्याकडे येतं ते फक्त पाकीट.

आता डॉक्टरच्या बाजूने बघा. बीपी कमी लागलं म्हणून मी एक गोळी अर्धी करायला सांगतो. उत्तर येतं, "डॉक्टर, पाकिटं परवाच आलीत, पुढच्या महिन्यापासून करू या का?" आणि खरं सांगायचं तर अशा वेळी बदल पुढे ढकलण्याचा मोह डॉक्टरलाही होतो. स्वीडनमध्ये अशी पाकिटं अनेक वर्षांपासून चालू आहेत. तिथल्या संशोधकांना दिसलं, की पाकिटं घेणाऱ्या रुग्णांच्या औषधांत बदल कमी होतात. यात रुग्ण स्थिर असल्याचाही भाग असेल, पण मला त्यात जुनंच पुढे चालू ठेवण्याची सवयही दिसते. वृद्धांच्या बाबतीत तर औषध बंद करणं हे सुरू करण्याइतकंच महत्त्वाचं काम असतं.

खरा धोका आजारपणात आहे. समजा तुम्हाला जुलाब-उलट्या लागल्या. अशा वेळी लघवी वाढवणारी गोळी, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि मेटफॉर्मिन थोडे दिवस थांबवावी लागू शकते, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. मी फोनवर सांगतो, "ती गोळी आज घेऊ नका." पण ती कोणती? पाकिटात तीन गोळ्या पांढऱ्या आणि गोल, नाव कशावरच नाही. एकादशीच्या उपवासाचंही तेच. पोटात फक्त वरीचे तांदूळ आणि चहा, आणि 'सकाळी'च्या पाकिटात ग्लिमेपिराइड. पाकिटावर तारीख आहे म्हणून गोळी घेतली जाते आणि दुपारी शुगर घसरून घाम फुटतो.

शिवाय सगळ्याच गोळ्या एकत्र बांधण्यासारख्या नसतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमपासून चार तास लांब ठेवायची. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डॅबिगॅट्रान दमट हवेत खराब होतात, ती मूळ वेष्टनातच हवीत, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. वॉरफेरिनचा डोस रक्ततपासणीनुसार बदलतो, स्टेरॉइड उतरत्या मात्रेत द्यायचं असतं. ही दोन्ही महिनाभर आधी बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

मग काय करावं? ज्या गोळ्या सहा महिने बदललेल्या नाहीत तेवढ्याच पाकिटात घाला. बदलत्या गोळ्या स्ट्रिपमध्येच असू द्या. महिन्याऐवजी आठवड्याची पाकिटं मिळत असतील तर ती घ्या. आणि औषधांची एकच यादी ठेवा: नाव, मात्रा, कशासाठी, कोणी सुरू केली, गोळी दिसते कशी. हृदयाचे डॉक्टर, गुडघ्याचे डॉक्टर आणि मी, तिघांनाही तीच यादी दाखवा. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाल्यावर जुनी पाकिटं उघडण्याआधी नवी यादी आणि पाकिटं घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे या. आत गेलेली जुनी गोळी आणि हॉस्पिटलने दिलेली नवी गोळी, ब्रँड वेगळा पण औषध एकच, असं अनेकदा निघतं.

पाकिटं सुरू करण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: महिन्याच्या मध्येच डॉक्टरांनी गोळी बदलली, तर उरलेली पाकिटं परत घेऊन नवी बांधून देणार का, किती दिवसांत, आणि त्याचे पैसे कोण देणार?