कूपरला हवा आतड्यांचा मास्तर

परळचं केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झालं ते एका अटीवर. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देतानाच बजावलं होतं, की इथले प्राध्यापक भारतीयच हवेत आणि ते सरकारी नोकरीतले नकोत. तोवर मुंबईत डॉक्टर घडायचे १८४५ सालच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि तिथल्या मानाच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असायच्या. इमारतीवर नाव कोरून घेणारे दाते या शहराला कधी कमी पडले नाहीत. शिकवणार कोण हे आधी विचारून मग थैली सोडणारे विरळाच. त्या अटीमुळे डॉ. जीवराज मेहतांसारखा माणूस डीनच्या खुर्चीत बसला आणि १९४२ पर्यंत तिथे राहिला.

उपनगरात मात्र आपण उलटा क्रम लावला. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३१ लाखांच्या आत माणसं होती, उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांच्या वर. तरी पालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय सायनच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, यायला २०१५ साल उजाडलं. जुहू-पार्ल्याच्या कूपर रुग्णालयाला कॉलेजची पाटी लागली. पाटी, वर्गखोल्या, विद्यार्थी सगळं आलं. एकेका विषयात हयात घालवलेला मास्तर जाहिरात दिली म्हणून येत नाही, त्याच्यासाठी वेगळी तजवीज लागते.

आज त्यातल्या एकाच मास्तराबद्दल लिहितो, कारण त्याच्या विषयाबद्दल चारचौघांत कोणी बोलत नाही. कोलोरेक्टल सर्जन. मोठं आतडं, गुदाशय, गुदद्वार हा त्याचा इलाखा. मूळव्याध, फिशर, भगंदर ही त्याची रोजची गिऱ्हाइकं आणि गुदाशयाचा कर्करोग ही खरी परीक्षा. लोकलच्या डब्यात 'बिना ऑपरेशन' बरं करून देणाऱ्यांची स्टिकरं ज्या आजारांवर लागतात, ते बहुतेक याच इलाख्यातले. शौचावाटे रक्त गेलं की घरातले म्हणतात मूळव्याध, केमिस्ट म्हणतो मूळव्याध, आणि घाईत असलेला डॉक्टरही केसपेपरवर तेच लिहून मलम देतो. काही महिन्यांनी गाठ मोठी झाल्यावर तोच माणूस परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभा असतो.

वाईट याचं वाटतं की गुदाशयाच्या खालच्या भागातल्या कितीतरी गाठी हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. एमआरआय नंतर, कोलोनोस्कोपीही नंतर. आधी पडदा ओढून, रुग्णाला धीर देऊन एक तपासणी करायची. ती पुस्तकात असतेच, पण ती टाळायची नाही ही सवय वॉर्डात कोणीतरी लावावी लागते. इंटर्न पडद्यामागे गेला नाही तर त्याला परत पाठवणारा कोणीतरी लागतो. अंधेरीच्या कॉर्पोरेट रुग्णालयातला निष्णात सर्जन त्याच्यापर्यंत पोचलेल्या रुग्णाला वाचवेल. कूपरमधल्या मास्तराच्या हाताखालून दर वर्षी एक तुकडी बाहेर पडेल आणि मालवणीपासून दहिसरपर्यंत दवाखाने थाटून बसेल. मला सर्जनपेक्षा प्राध्यापक हवा आहे तो यासाठी.

ही विद्याशाखा श्रीमंतांच्या सोयीसाठी जन्मली असं कोणाला वाटत असेल तर लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचा इतिहास बघावा. फ्रेडरिक सॅल्मन नावाच्या सर्जनने १८३५ साली सात खाटांवर गुदमार्गाच्या आजारांनी पिडलेल्या गरिबांसाठी ते सुरू केलं. (चार्ल्स डिकन्सच्या भगंदराचं ऑपरेशन १८४१ साली याच सॅल्मनने केलं, तेही भूल देण्याची सोय नसताना.) पुढे तिथे कथबर्ट ड्यूक्स हा पॅथॉलॉजिस्ट आला. सर्जनने काढलेला प्रत्येक तुकडा त्याने नीट तपासला आणि १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या पायऱ्या लावून दिल्या. एकटा सर्जन नेमून भागत नाही, हे तिथे तेव्हाच कळलं होतं.

आता समजा, कूपरने उद्या असा माणूस घ्यायचं ठरवलं. पहिलीच ठेच पदांच्या आकृतिबंधाला. मंजूर पद असतं शस्त्रक्रियाशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाचं. त्यात आतड्यांचा तज्ज्ञ की थायरॉइडचा, याला रकाना नसतो. मग आरक्षणाची बिंदुनामावली तपासा, मागणीपत्र करा, लोकसेवा आयोगाच्या वाटेला लावा आणि थांबा. थांबायला वेळ नसेल तर थेट मुलाखत आणि काही महिन्यांची कंत्राटी नेमणूक, पुढे मुदतवाढ मिळाली तर मिळाली.

समोरचा उमेदवार कोण, तेही बघा. एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमएस, मग पोटाच्या किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतलं तीन वर्षांचं एमसीएच, वर्षभराचं बंधपत्र, त्यावर कुठेतरी आतड्यांच्याच कामाची फेलोशिप. प्रवेशपरीक्षांत गेलेली वर्षं धरली तर पस्तिशीला टेकलेला माणूस. कूपरपासून रिक्षाच्या मिनिमम भाड्याच्या आसपास नानावटी आहे, थोडं पुढे कोकिळाबेन, मुलुंडला फोर्टिस. त्याला काही महिन्यांचा कागद दाखवून आपण म्हणतो, या, विभाग उभा करा.

पगारामुळे माणसं येत नाहीत, असं अधिकारी नेहमी सांगतात. ते निम्मंच खरं आहे. सर्जनला हात चालवायला ओटी, म्हणजे शस्त्रक्रियागृह, लागते. आठवड्यातून एकच लिस्ट, त्यातही हर्निया-अपेंडिक्सची गर्दी, भूलतज्ज्ञ ऐन वेळी दुसरीकडे, अशा ठिकाणी पाच-सहा तासांचं गुदाशयाचं ऑपरेशन कुठे बसवणार? या शस्त्रक्रियेत हात किती बसलेला आहे यावर रुग्णाला शौचासाठी पोटावरची पिशवी कायमची लागणार की नाही, हे पुष्कळदा ठरतं. इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलेली पद्धत, म्हणजे गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढणं, हातात हात धरून शिकवावी लागते. व्हिडिओ बघून ती येत नाही.

एक सोपी तोड सुचवली जाते: जुनी मानद पद्धत परत आणा. खासगीतले नामवंत आठवड्यातून दोन सकाळी येतील, ऑपरेशन करतील, पोरांना शिकवतील. मुंबईच्या शल्यविद्येने या ऑनररींच्या बळावर बरीच वर्षं काढली, हे खरं. पण आतड्याची शिवण उसवते ती साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि ती मानद साहेबांचा वार बघून उसवत नाही. रात्री दोन वाजता ताप आणि फुगलेलं पोट बघून निर्णय घेणारा पूर्णवेळ माणूस युनिटला लागतोच. ऑनररी त्याच्या जोडीला जरूर यावेत.

हे सगळं परळला आहेच की, मग उपनगरात कशाला, असं विचारणाऱ्याने अशा रुग्णाबरोबर एकदा बोरिवलीहून लोकलने जावं. गुदाशयाचा भाग काढल्यावर महिनोन्‌महिने दिवसातून कितीही वेळा शौचाला जावं लागतं, आणि घाई लागली की धीर धरता येत नाही. आपल्या लोकलमध्ये शौचालय नाही. फेरतपासणीच्या तारखा चुकतात, आणि केसपेपरवर शेरा पडतो: रुग्ण आला नाही. पिशवी लावलेल्या माणसाची अडचण वेगळी. ती कशी चिकटवायची, कातडी सोलली तर काय करायचं, हे शिकवणारी स्टोमा नर्स त्याला सर्जनपेक्षा जास्त वेळा लागते. अशा नर्सचं क्लिनिक टाटा रुग्णालयात आहे. रुग्ण कांदिवलीत, घाटकोपरला, मुलुंडला राहतात.

आणखी एक गोष्ट, थोडी वादाची. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याची, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर शस्त्रक्रियेशी तुलना करून १९९१ साली निष्कर्ष छापले: जखम भरायला वेळ जास्त, पण रोग उलटण्याचं प्रमाण कमी. २०२० च्या डिसेंबरात आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना शस्त्रक्रियांची मुभा देण्यावरून ॲलोपॅथीवाल्यांनी काम बंद ठेवलं, तेव्हा हा अभ्यास कोणाला आठवला नाही. आतड्यांचा विभाग खरोखर अभ्यासू असेल तर तो वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयाशी भांडण्याऐवजी एकत्र नोंदी ठेवेल.

तेव्हा पालिका आयुक्तांना विनंती आहे. कूपरसाठी पुढची जाहिरात काढताना तीत चार गोष्टी छापा. पद कायम आहे. आठवड्यातले दोन पूर्ण ओटीचे दिवस आणि एंडोस्कोपीचं एक सत्र या माणसाचं आहे. एक प्रशिक्षित स्टोमा नर्स त्याच्या बरोबरच नेमली जाईल. राजावाडी आणि कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं पाळीने त्याच्या युनिटमध्ये येतील. एवढं छापून जाहिरात काढा, आणि मग कोणी अर्ज केला नाही तर खुशाल म्हणा की डॉक्टरांना पालिकेत यायचंच नाही.