पात्र कोणाचे? हॅल जॉर्डनचे तीन अंक आणि दहा वर्षांचा वाद

१/
१९९४ सालच्या आरंभी अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांत 'ग्रीन लँटर्न' मासिकाचा ५० वा अंक आला. जवळजवळ पस्तीस वर्षे न्यायाच्या बाजूने लढलेला हॅल जॉर्डन त्या अंकाच्या अखेरीस खुनी ठरला होता. त्यावरून पेटलेला वाद पुढे दहा वर्षे विझला नाही. वरवर तो एका हिरव्या अंगठीचा वाद होता. त्याच्या मुळाशी मात्र जुनाच प्रश्न होता: जे पात्र आपण निर्माण केलेले नाही, त्याच्याशी लेखकाने कसे वागावे? (धागा)

२/
या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक पक्ष म्हणतो, लेखकाला पूर्ण मोकळीक हवी. वाचकांच्या लहरीवर साहित्य चालत नाही. दुसरा म्हणतो, पात्रावर ज्यांनी आयुष्यभर प्रेम केले त्यांचाच त्यावर हक्क. आज आलेला आणि उद्या जाणारा लेखक कोण? सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा इतिहास नीट पाहिला, तर दोन्ही उत्तरे अपुरी पडतात.

३/
आधी मालकीचे पाहू. मार्च १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 'सुपरमॅन'ची पहिली तेरा पानी कथा प्रकाशकाला विकली. मोबदला १३० डॉलर. पानामागे दहा डॉलर पडले आणि त्यातच पात्राचे सर्व हक्कही गेले. या एका व्यवहारात पुढच्या साऱ्या वादाचे बीज आहे. ज्यांनी पात्र घडवले ते बाहेर आणि ज्यांच्याकडे ते गेले ती एक संस्था.

४/
शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये कॉनन डॉयलने मारले, तेव्हा वाचक हळहळले, चिडले. पण मारणारा त्याचा जनकच होता आणि पुढे परत आणणाराही तोच. सुपरहिरोंच्या जगात असा जनक सहसा घरात नसतो. तेथे पात्र एका लेखकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहते. पालखी तीच, भोई बदलतात. त्यामुळे 'हे माझे पात्र' असे म्हणण्याचा निर्विवाद अधिकार कोणाजवळच उरत नाही.

५/
वाचक या व्यवहारात कसे आले? संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आपल्या अंकांच्या पत्रव्यवहारात पत्रलेखकांचे संपूर्ण पत्ते छापू लागले. विखुरलेल्या वाचकांना एकमेकांचा ठावठिकाणा लागला. १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या साथीने 'आल्टर ईगो' हे चाहत्यांचे नियतकालिक सुरू केले. हेच रॉय थॉमस १९६५ मध्ये मार्व्हलमध्ये लेखक झाले आणि १९७२ मध्ये तेथील मुख्य संपादक. चाहता आणि लेखक यांच्यामधली भिंत मुळातच किती पातळ होती, हे त्यांच्या वाटचालीवरून कळते.

६/
हॅल जॉर्डनविषयी एक गोष्ट त्याचे कट्टर चाहतेही विसरतात: तो स्वतःच बदली पात्र होता. पहिला ग्रीन लँटर्न १९४० चा, ॲलन स्कॉट. त्याचा कंदील जादूचा. १९५९ मध्ये जॉन ब्रूम आणि गिल केन यांनी तेच नाव एका वैमानिकाला दिले आणि जादूच्या जागी अंतराळातील रक्षकदल आणले. मात्र जुन्या नायकांना अपमानित करून घालवले नाही. १९६१ मधील 'फ्लॅश'च्या १२३ व्या अंकाने त्यांना 'दुसऱ्या पृथ्वी'वर मानाचे घर दिले. नवा आला, पण त्यासाठी जुन्याला मलिन करावे लागले नाही.

७/
चाहत्यांना बदलच नको असतो, हा आरोप कितपत खरा? १९७० मध्ये डेनिस ओनील आणि नील ॲडम्स यांनी याच हॅलला मुळापासून हलवले. ७६ व्या अंकात एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस त्याला जाब विचारतो: निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी इतके केलेस, मग आमच्यासाठी काय केलेस? हॅलजवळ उत्तर नसते. तो मान खाली घालतो. खप न वाढल्याने मालिका १९७२ मध्ये थांबली, पण त्या अंकांची गणना आजही या माध्यमातील महत्त्वाच्या कामांत होते.

८/
त्याहून धाडसी उदाहरण १९८४ चे. लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी १९७१ मध्ये घडवलेला 'स्वॉम्प थिंग' म्हणजे ॲलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ, दलदलीत राक्षस झालेला, अशी सर्वांची समजूत होती. ॲलन मूर यांनी २१ व्या अंकात सांगितले की तो माणूस कधीच नव्हता. ती एक वनस्पती होती आणि तिला आपण माणूस असल्याचा भ्रम झाला होता. मूळ कथेचा पायाच उखडला गेला. तरी वाचकांनी ते उचलून धरले. मूर यांना या कामावर आणणारे संपादकही पात्राचे जनक लेन वीनच होते.

९/
ही दोन्ही स्थित्यंतरे पचली, कारण ती पात्राच्या आतून आली. हॅल आज्ञाधारक रक्षक होता. आज्ञा देणारेच चुकत असतील तर काय, हा प्रश्न त्याच्या स्वभावातच दडलेला होता. स्वॉम्प थिंगला माणूस होण्याची आस होती. ती आस व्यर्थ ठरणे हे त्याच्याच शोकांतिकेचे टोक होते. लेखकाने बाहेरून काही लादले नाही. जे होते तेच खोलवर खणले.

१०/
आता १९९४ कडे. त्याआधीची बाजाराची हवा ध्यानात घ्यावी लागते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक लाखोंनी खपला. १९९३ मध्ये बॅटमॅनचा कणा मोडला. नायकाला पाडले की अंक विकला जातो, असा धडा प्रकाशकांनी घेतला. 'ग्रीन लँटर्न' तेव्हा मागे पडले होते. आधीच्या लेखकाचा आराखडा बाजूला ठेवून रॉन मार्झ या नव्या लेखकाकडे काम देण्यात आले. हॅलची जागा रिकामी करायची, हा निर्णय वरून आला होता.

११/
कथा अशी. हॅलचे गाव कोस्ट सिटी उद्ध्वस्त झाले आहे. सत्तर लाख माणसे गेली आहेत. ४८ व्या अंकात हॅल अंगठीच्या बळावर त्या शहराची छाया उभी करतो. रक्षक त्याला रोखतात. ४९ व्या अंकात तो आपल्याच सहकाऱ्यांना हरवून त्यांच्या अंगठ्या हिसकावतो. ५० व्यात जुना मित्र किलोवॉग त्याच्या हातून मरतो, रक्षकदल संपते आणि उरलेली एकमेव अंगठी कायल रेनर या तरुण चित्रकाराला मिळते.

१२/
दोष कल्पनेत नव्हता. आपले शहर वाचवू न शकलेल्या रक्षकाचे दुःख हा मोठा विषय आहे. दुःखाने माणूस ढळतो हेही खरे. दोष हिशेबात होता. निर्भय आहे म्हणून अंगठीने ज्याला निवडले, त्याचा पस्तीस वर्षांचा स्वभाव तीन अंकांत उलटला. कथा शेवटाकडून आरंभाकडे लिहिली गेली होती: जागा रिकामी हवी, म्हणून माणूस बिघडला पाहिजे. वाचकाला दुःख दिसले नाही, दुःखाचे निमित्त दिसले.

१३/
मार्झ यांच्या बाबतीत न्याय हा की कायल रेनर त्यांनी मन लावून घडवला. तो चुकत, शिकत मोठा झाला आणि वाचकांच्या एका पिढीचा तोच ग्रीन लँटर्न ठरला. चिडलेल्या वाचकांनी 'हीट' या नावाने संघटित होऊन हॅलसाठी मोहीम चालवली. त्यांचा मूळ आक्षेप रास्त होता. पण काहींचा राग कायलवर निघाला. जुन्यावरचा अन्याय सांगताना नव्याचा द्वेष करणे, हे त्याच अन्यायाचे दुसरे रूप झाले.

१४/
त्याच काळातील अधिक वेधक टीका एका वेगळ्या वाचकाकडून आली. १९९४ च्या ५४ व्या अंकात कायलच्या प्रेयसीला मारून तिचे शव फ्रिजमध्ये कोंबलेले दाखवले होते. १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी कॉमिक्समध्ये अशाच प्रकारे मारलेल्या, छळलेल्या, दुबळ्या केलेल्या स्त्रीपात्रांची यादी मांडली. तिचा रोख एका नायकापुरता नव्हता: दुसऱ्याची कथा पुढे सरकावी एवढ्याच कारणासाठी एखादे पात्र वापरून टाकावे काय? सिमोन पुढे स्वतः नामवंत कॉमिक्स-लेखिका झाल्या.

१५/
मग निर्णय वाचकांवरच सोपवावा काय? तोही प्रयोग झाला आहे. सप्टेंबर १९८८ मध्ये, संपादक डेनिस ओनील असताना, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगावा की मरावा यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक दिले गेले. एका फोनला पन्नास सेंट. मुदत छत्तीस तास. मरावा: ५,३४३. जगावा: ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एक मुलगा मेला. एकाने कितीदा फोन करावा, याला काहीच बंधन नव्हते.

१६/
हा वाचकांचा सन्मान नव्हता. जबाबदारी ग्राहकाच्या अंगावर ढकलण्याचा तो एक मार्ग होता. पन्नास सेंटला विकलेले मत म्हणजे पात्राविषयीचा विचार नव्हे. जेसन २००५ मध्ये परतला आणि त्याच्या पुनरागमनाची कथा लोकप्रिय झाली. कारण तिने मतदानाने न विचारलेला प्रश्न विचारला: ज्याला कोणी वाचवले नाही, तो परत आला तर वाचवणाऱ्याला काय म्हणेल?

१७/
हॅलचे पुढे काय झाले? १९९६ मध्ये विझणारा सूर्य पेटवताना त्याने प्राण दिला. १९९९ मध्ये तो 'स्पेक्टर' या सूडाच्या देवदूताचा वाहक बनला. शेवटी २००४ मध्ये जेफ जॉन्स यांनी उलगडा केला: हॅलने जे केले ते त्याने केलेच नव्हते, पॅरॅलॅक्स नावाची भयरूपी परजीवी शक्ती त्याच्यात शिरली होती. त्याच्या कानशिलावरचे पांढरे केससुद्धा तिच्याच खाती जमा झाले.

१८/
कारागिरी म्हणून हे विलक्षण होते. मालिका बहरली, चाहते सुखावले आणि कायललाही सन्मानाने जागा राहिली. तरी काहीतरी हरवलेच. अपराध होता तेव्हा प्रायश्चित्ताला अर्थ होता. सूर्यासाठी दिलेला प्राण पापाची फेड होता. अपराधच परजीवीचा ठरला, तेव्हा त्या बलिदानातले निम्मे तेज गेले. एका लेखकाने घाईने पाडले, दुसऱ्याने पुसून काढले. पडलेला माणूस आपल्या पायांनी उठतो, ही कथा मधल्यामध्ये राहून गेली.

१९/
यावर एक सबळ आक्षेप आहे: वाचक तर प्रत्येक वेळी चिडतात. १९७३ मध्ये जेरी कॉनवे यांनी 'ॲमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१ व्या अंकात ग्वेन स्टेसीला मारले, तेव्हाही संताप उसळला होता. आज ती कथा मैलाचा दगड मानली जाते. आक्षेप खरा आहे. वाचकांचा राग हा चुकीचा पुरावा नव्हे. पण पुढचाच अंक पाहावा. सूडाने पेटलेला पीटर गुन्हेगाराला ठार करण्याच्या क्षणी स्वतःला आवरतो. त्याचे जग उद्ध्वस्त झाले. पीटर पीटरच राहिला. कोस्ट सिटीनंतर हॅलला हे भाग्य लाभले नाही.

२०/
काही पात्रांच्या मागे खरा इतिहास उभा असतो. ज्यू स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेल्या जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच कॅप्टन अमेरिकाला हिटलरच्या तोंडावर ठोसा मारताना रंगवले. २०१६ मध्ये हाच नायक नाझी मुळांच्या 'हायड्रा'चा हस्तक दाखवला गेला, तेव्हा अनेकांना वेदना झाली ती केवळ कथानकामुळे नव्हे. मात्र लेखक निक स्पेन्सर यांना ठार मारण्याच्या धमक्या देणाऱ्यांनी त्या रास्त वेदनेचीच विटंबना केली.

२१/
मराठी वाचकांना या प्रश्नाची एक सौम्य बाजू इंद्रजाल कॉमिक्समुळे परिचित आहे. ली फॉक यांचा १९३६ चा फँटम मुंबईहून 'वेताळ' होऊन आला. त्याची भूमी डेंकाली झाली, चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव 'सिंगा' झाले. वाचकांनी सारे स्वीकारले, कारण कवटीच्या साक्षीने घेतलेली शपथ तीच राहिली. शिवाय वेताळ म्हणजे मुळात एक वारसाच: बापाचा मुखवटा मुलाने चढवायचा, माणूस बदलायचा, शपथ बदलायची नाही.

२२/
म्हणून लेखकाची योग्य उपमा मालकाची नाही आणि नोकराचीही नाही, विश्वस्ताची आहे. विश्वस्ताने ठेव कुलूपबंद करून बसू नये, ती वाढवावी, जोखीमही घ्यावी. पण एखाद्या महिन्याची तूट भरण्यासाठी मूळ मुद्दल मोडू नये. वाचकानेही विश्वस्ताचा हिशेब मागावा, त्याचा हात धरू नये. बदल झाला की नाही हा प्रश्न गौण आहे. तो पात्राच्या स्वभावातून निघाला की विक्रीच्या तक्त्यातून, हे विचारायचे असते.

२३/
विश्वस्ताचे पहिले कर्तव्य ठेव कोणाची हे विसरू नये. १९७५ मध्ये सीगल आणि शुस्टर म्हातारपणी हलाखीत होते. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, वृत्तपत्रांतून बोभाटा झाला आणि सुपरमॅनच्या भव्य चित्रपटाची तयारी करणारी कंपनी नमली. दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर मिळू लागले. आणि तेव्हापासून सुपरमॅनची कथा कोणीही लिहो, तिच्यावर हा नायक सीगल आणि शुस्टर यांनी निर्माण केला, ही ओळ छापली जाऊ लागली. (समाप्त)