‘ॲडव्हान्स्ड दाबा, काही होत नाही!’

जून उजाडला की शाळांचा या सदराला ठरलेला प्रश्न: वायफायला लॉगिन पान कसं बसवायचं? त्यामागे भीती असते, आणि ती निराधार नाही. २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला. पुढच्याच महिन्यातला माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या. तेव्हापासून ‘कोण वापरत होतं?’ याची नोंद हवीच, असं सगळ्यांना वाटू लागलं.

हवीच. पण त्या नादात आपण मुलांना काय शिकवतो? सकाळी संगणक कक्षात सायबर सुरक्षेचा तास: ब्राउझरने इशारा दिला की तिथेच थांबायचं. दुपारी शाळेचं वायफाय जोडलं की पडद्यावर तोच इशारा, आणि सर वर्गभर ओरडतात, ‘ॲडव्हान्स्ड दाबा, प्रोसीड करा, काही होत नाही!’ सकाळचा तास पाण्यात.

इशारा का येतो? वायफाय जोडताच फोन एका ठरलेल्या पत्त्यावर साधी विचारणा करतो. अँड्रॉइडला उत्तरात २०४ हा संकेतांक हवा असतो, आयफोनला ‘सक्सेस’ हा शब्द. शाळेचं गेटवे ही विचारणा अडवून लॉगिन पान पुढे करतं. इथवर ठीक. पण कुणी थेट बँकेची साइट उघडली आणि गेटवेने तीही अडवली, तर ब्राउझरच्या लेखी तो तोतयाच, बोंब मारणारच. तेव्हा एचटीटीपीएस अडवायचा हट्ट सोडा. लॉगिन पान १९२.१६८ अशा आकड्यांवर न ठेवता शाळेच्या डोमेनवर ठेवा आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र लावा. ते फुकट मिळतं. फक्त त्याचं नूतनीकरण आपोआप होऊ द्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीनंतर इशारा पुन्हा हजर.

मोबाइल ओटीपी तर नकोच. पाचवीतल्या मुलीने नंबर द्यायचा आईचा, आणि ओटीपी जाणार आई कामावर असताना तिच्या फोनवर! शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय, त्यांच्या माहितीवर जादा बंधनं आहेत. जी.आर. नंबरावर खाती काढा, पासवर्डची चिठ्ठी वर्गशिक्षकांनी हातात द्यावी.

खरं सांगायचं तर रोजच्या वापराला लॉगिन पानच नको. बिनपासवर्डच्या वायफायवर ते नाव विचारतं, पण हवेतली देवाणघेवाण उघडीच राहते. ज्या रेडियस सर्व्हरवर ही खाती असतात, त्यावरच डब्ल्यूपीए-२ एंटरप्राइझ चालतं. विद्यापीठांतलं एज्युरोम असंच आहे. फोनमध्ये नाव-पासवर्ड एकदा भरला की झालं. लॉगिन पान पालकसभेला आलेल्या पाहुण्यांपुरतं ठेवा. आणि स्मार्ट बोर्ड, प्रिंटर यांचे मॅक पत्ते वेगळ्या नेटवर्कवर आधीच नोंदवा. लॉगिनची चौकट त्यांना उघडता येत नाही, आणि ते कळतं नेमकं तपासणी अधिकारी वर्गात बसलेले असताना.