ओढण्याची ताकद आणि थांबण्याची हमी

१ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यातील घाटमपूर परिसरात भाविकांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे दगावली. मृतांत बहुतेक महिला आणि मुले होती. ट्रॉलीचा वापर केवळ शेतीच्या कामासाठी करा, असे आवाहन उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी त्यानंतर केले. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, माघी पौर्णिमेच्या दिवशी, त्याच राज्यातील कासगंजमध्ये गंगास्नानाला निघालेली ट्रॉली तळ्यात कोसळली. पुन्हा वीसहून अधिक मृत्यू. पुन्हा तेच शोकसंदेश.

प्रत्येक अपघाताचे तात्कालिक कारण वेगळे असते आणि ते शोधणे हे पोलिसांचे काम आहे. मला पडलेला प्रश्न त्यामागचा आहे. एका ट्रॅक्टरने किती भार ओढावा आणि तो भार घेऊन त्याला किती अंतरात थांबता आले पाहिजे, हे या देशात कोण ठरवते?

अमेरिकेतील धडा

हाच प्रश्न अमेरिकेत पिकअप ट्रकच्या बाबतीत उभा राहिला होता. नौका, घोड्यांचे ट्रेलर, फिरती घरे ओढण्यासाठी तेथे पिकअप घेतले जातात आणि जास्तीत जास्त ओढक्षमता हे जाहिरातीतील मोठे अस्त्र असते. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढत असे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्याला काही अर्थच नव्हता.

वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे२८०७’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील कसोट्या कागदी नाहीत. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंश सेल्सिअस तापमान, वातानुकूलन यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू आणि मागे पूर्ण भाराचा ट्रेलर. अशा स्थितीत नेहमीच्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. १२ टक्के चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुन्हा हलवून दाखवायची. ब्रेक आणि ट्रेलरचे हेलकावे यांचीही परीक्षा. गाडीत चालक आणि एक प्रवासी आहे, असे धरूनच हिशेब करायचा.

मानक आले, पण ते ऐच्छिक होते. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलसाठी स्वीकारले आणि तिच्या ‘टुंड्रा’चे जाहीर आकडे घटले. गाडी तीच होती, मोजमाप तेवढे प्रामाणिक झाले. प्रतिस्पर्ध्यांचे जुने, फुगीर आकडे मात्र बाजारात तसेच राहिले. जनरल मोटर्सने मानक स्वीकारण्याची तयारी दाखवली, पण फोर्ड नव्या पिढीच्या ट्रकपर्यंत थांबणार हे कळताच माघार घेतली. अमेरिकेतील तिन्ही बड्या कंपन्या एका मापावर येईपर्यंत २०१५ ची मॉडेले उजाडली. खरे बोलणाऱ्याला पहिल्या दिवशी तोटा होत असेल, तर स्वेच्छेवर विसंबलेले मानक रखडते, असा मी या कहाणीचा अर्थ लावतो. सर्वांना एकाच दिवशी एकच माप लावण्याचे काम अखेरीस सरकारलाच करावे लागते.

आपल्या रस्त्यावरचे वास्तव

भारतात ओढण्याचे काम प्रामुख्याने ट्रॅक्टर करतो. पंजाबात धान्य, उत्तर प्रदेशात आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊस, जवळपास सर्वत्र विटा आणि वाळू. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिच्या अहवालांत ओढशक्तीची मोजमापे असतात. पण भरलेली ट्रॉली उतारावर थांबवण्याच्या कसोटीवर उतरलेला आणि शेतकऱ्याला तुलना करता येईल असा एक आकडा मी कोणत्याही विक्रेत्याच्या पत्रकात पाहिलेला नाही. विकली जाते ती अश्वशक्ती.

अश्वशक्ती भार हलवते, तो थांबवत नाही. दोन चाकांना शक्ती पुरवणाऱ्या नेहमीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. शेतात झटकन वळता यावे म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाचे पायब्रेक वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर ते एकमेकांना जोडायचे राहून गेले, तर ब्रेक लावताच ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. गावातील कारागिराने जोडलेल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. मागचा सगळा भार मग ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. चढावर हाच भार ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतो आणि सुकाणू निकामी होते.

वजन माहीत नाही, असे कोण म्हणेल?

कायदा नाही असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ नुसार नोंदणीपत्रातील एकूण वजनापेक्षा जास्त भार असलेले वाहन किंवा ट्रेलर चालवणे, चालवायला लावणे किंवा चालवू देणे निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये आहे. अंमलबजावणीची अडचण सांगताना वजन मोजण्याची सोय नाही, असे कारण दिले जाते.

उसाच्या बाबतीत हे कारण टिकत नाही. साखर कारखान्याच्या दारात प्रत्येक ट्रॉलीचे वजन भरलेली असताना आणि रिकामी झाल्यावर होते, कारण पैसे त्यावरच मिळतात. महाराष्ट्रात काटामारीवर आंदोलने होतात ती याच वजनासाठी. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे बिल निघते, तोच आकडा सुरक्षिततेच्या प्रश्नावर अदृश्य कसा होतो? ‘चालवू देणे’ हे शब्द कायद्यात आहेत. ते केवळ चालकापुरते वाचण्याचे कारण मला दिसत नाही.

काय करता येईल

पहिले, प्रत्येक ट्रॅक्टर मॉडेलसाठी चढ, उतार आणि ब्रेक यांच्या एकसमान चाचणीतून ठरलेली ओढक्षमता बंधनकारक करावी आणि ती ट्रॅक्टरवरील पट्टीवर कोरावी. दुसरे, ट्रॉली बनवणाऱ्या लहान कार्यशाळांना ब्रेकसह मान्यताप्राप्त आराखडे मोफत द्यावेत आणि जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवण्यासाठी अनुदान द्यावे. तिसरे, कारखान्यांच्या वजनकाट्याची नोंद परिवहन विभागाला मिळावी.

यामुळे शेतकऱ्याचा खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक फेरीत कमी माल म्हणजे जास्त फेऱ्या आणि जास्त डिझेल. म्हणूनच वाहतुकीचे दर नव्या मर्यादेवर आधारून ठरवावे लागतील. आज स्वस्त दिसणाऱ्या वाहतुकीची उरलेली किंमत चालक आणि रस्त्यावरचा दुचाकीस्वार चुकवत असतो.

राहिला प्रश्न माणसांचा. ट्रॉलीत माणसे बसवण्यास कोणत्याही मानकाने परवानगी देऊ नये. पण पौर्णिमेच्या पहाटे गंगेवर जाणाऱ्या कुटुंबाला परवडणारी बस मिळत नसेल, तर बंदी हा कोरडा उपदेश ठरतो. घाटमपूरनंतर आवाहन झाले आणि सतरा महिन्यांच्या आत कासगंज घडले. यात्रेच्या दिवशी गावातून किती बस सुटल्या, हा आकडाही आता सरकारला विचारला पाहिजे.