मजूर आहेत, दाम नाही

फुकटच्या धान्यामुळे मजूर आळशी झाले, हा एका पत्रलेखकाचा दावा पटत नाही. तसे असते तर दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याचे पाडे ओस का पडतात? हीच माणसे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला बारडोली-सुरतकडे ऊस तोडतात, प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात. गुजरातने २०२३ मध्ये तोडणीचा दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला. पण नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरतात; त्यात बाईच्या कष्टाची वेगळी नोंद नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातले पासबुक आणि प्रवासभत्ता बहुतांशी कागदावरच राहिले. आधी शेतावर किमान वेतन आणि रोहयोची मजुरी पंधरा दिवसांत द्या. मग आळसाची चर्चा करू.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)