नाकातले केस

देवानं माणसाला नाक दिलं आणि त्या नाकात केस दिले. ते दिसायला चांगले नाहीत हे कबूल. चारचौघांत त्यांचा विषयही कुणी काढत नाही. पण जोरात पळता यावं म्हणून कुणी सकाळी उठून नाकातले केस उपटलेत आणि "आता बघा कसा मोकळा श्वास लागतोय" असं सांगत गल्लीभर हिंडतोय, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. स्वतःच्या नाकाबाबत एवढी समज असणारी आपली तरुण मंडळी मोटरसायकलच्या नाकाशी मात्र जे काय करतात, त्याविरुद्ध कुणीतरी तोंड उघडायलाच हवं. आमच्या घरात असली कामं माझ्याकडे येतात.

माझ्याकडे १९८८ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घेतलेली. त्या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा करावा, असा ठराव त्या वेळी हिनं मांडला होता. तो अद्याप विचाराधीन आहे. गाडीनं मला कधी दगा दिला नाही. मीही तिला कधी साठाच्या पुढे नेलं नाही. असा आमचा संसार सुखाचा चालला असताना भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष. एके रविवारी गाडीशेजारी उकिडवा बसून तो म्हणाला,

"मामा, तुमच्या गाडीचा श्वास कोंडतोय."

"मला तर तिनं कधी सांगितलं नाही."

"कार्ब्युरेटरच्या मागे हा डबा लावून कंपनीनं तिचं नाक दाबून ठेवलंय. हा काढायचा आणि उघडा कोन फिल्टर लावायचा. दहा टक्के पॉवर वाढते. खोक्यावरच छापलंय!"

छापलेलं सगळंच खरं मानायचं, तर गेली तीस वर्षं मी वापरत असलेल्या केशतेलाची बाटली वाचा आणि मग माझं डोकं बघा. पण मी हो म्हणालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी "आत अजून बरीच ताकद आहे, फक्त वाट मोकळी करायला हवी" असं म्हटलं, की माणसाला ते गाडीबद्दल वाटत नाही हो!

डबा निघाला, माळ्यावर गेला. त्याच्या जागी लाल रंगाचा, आइस्क्रीमच्या कोनासारखा फिल्टर आला. गाडी सुरू केली आणि काय सांगू, मूठ पिळली की सीटखालून वाघ गुरगुरल्यासारखा आवाज! मी खूष. भाचा खूष. खालच्या मजल्यावरचे आप्पा तेवढे गॅलरीत येऊन म्हणाले, "काय फुटलं हो?"

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. आवाज म्हणजे ताकद नव्हे. आमच्या कचेरीत एक साहेब होते, त्यांचा आवाज तीन मजले ऐकू जायचा आणि सही करायला पेन दुसऱ्याचं लागायचं. इंजिन हवा सतत ओढत नाही, घोट घेतं. मिनिटाला तीन हजार फेरे असले तर सेकंदाला पंचवीस घोट. त्या प्रत्येक घोटाचा जो धक्का बसतो तो पोटात घ्यायला, आणि पुढच्या घोटासाठी शांत हवा हाताशी ठेवायला, तो डबा असतो. त्याचा आकार, त्याच्या तोंडाची रुंदी ही कुणा कारकुनानं मस्टरच्या मागे काढलेली नसते. डबा काढला की पोटातला आवाज बाहेर येतो. आपण म्हणतो, पॉवर आली.

दुसरं, हवा नुसती जास्त येऊन भागत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. कार्ब्युरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं सुईच्या नेढ्याएवढं भोक, त्या डब्यातून येणाऱ्या हवेच्या हिशेबानं दिलेलं. डबा गेला, जेट तेच राहिलं, म्हणजे पंगतीला माणसं वाढली आणि आमटी तेवढीच. घरात अशा वेळी आमटीत पाणी घालतात. इंजिनाला ती सोय नाही. मिश्रण पातळ होतं आणि ते तापतं. शिवाय उघडा कोन बसतो कुठे? तापलेल्या सिलिंडरच्या पाठीमागे. हवा तीन अंश तापली की एक टक्का विरळ होते. तीस अंशांनी तापलेली हवा ओढली, तर खोक्यावरच्या दहा टक्क्यांपैकी नऊ तिथेच गेले. राहिला एक. तो दुकानदाराचा नफा असावा.

आणि धूळ! आपल्या रस्त्यांवर हवा कमी आणि रस्ताच जास्त उडतो. त्यात गारगोटीचे कण असतात. गारगोटीनं पोलादावर चकमक पडते, कारण ती पोलाद ओरबाडते. तेच कण तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोचले, की आत चोवीस तास पॉलिशकाम चालू. कापडी कोनाला तेल लावावं लागतं, ते धूळ धरतं. भाच्यानं लावलं नव्हतं. "तेल लावलं तर चिकट दिसतं, मामा."

शर्यतीत हे सगळं करतात, हे मला माहीत आहे. पण तिथे जेट बदलतात, प्लगचा रंग बघतात आणि शर्यत संपली की इंजिन उघडून बसतात. माझी गाडी मंडईत जाते. नव्या गाड्यांची तर गंमतच निराळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आता धुराच्या वाटेवर सेन्सर बसतो आणि मिश्रण बिघडलं की आतला संगणक मुकाट्यानं जमेल तेवढं सावरून घेतो. म्हणजे आपण खर्च करून बिघडवायचं आणि त्यानं फुकट निस्तरायचं. कायद्याचं विचाराल, तर कंपनीच्या मूळ रचनेबाहेर गाडीत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. आमच्या गल्लीपर्यंत तो निकाल चालत येतोय.

मीही हे सगळं नंतर शिकलो. कुठे, तर खंबाटकी घाटात.

भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, साताऱ्याला एकटी असते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी दहाला होतं. एसटीनं जाऊ, असं मी म्हणत होतो. भाचा म्हणाला, "मामा, आता गाडीत दम आलाय." सहाला निघालो. खंडाळ्यापर्यंत वाघ गुरगुरत होता. घाट लागला तसा तो हळूहळू दम्याचा रुग्ण झाला. मूठ पिळावी तर गाडी फटाके वाजवी आणि मागे राही. तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं, मागचं चाक घासत गेलं आणि आम्ही दोघं कठड्याला लागून उभे. सिलिंडरवर थुंकी टाकली असती तर चर्र झालं असतं. भाच्यानं प्लग उघडला. पांढराफटक. त्याच्या तोंडासारखा.

तासाभरानं टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटी घेऊन जाणारा एक टेंपो थांबला. चार माणसं लावून गाडी चढवली. भाचा आईला फोन लावत होता. तो बंद होता, कारण ती आत गेली होती. शेजारच्या काकूंचा हात धरून गेली, सहीही काकूंनीच केली. आम्ही दुपारी दोनला पोचलो तेव्हा ती डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसली होती. पावलं ओळखली तिनं.

"आलात? जेवलात का रे?"

भाचा काही बोलला नाही. खाटेच्या पायथ्याशी बसून तो बराच वेळ हाताला लागलेलं काळं खरवडत होता.

पुढचं बिल मी इथे लिहीत नाही. हे पुस्तक घरातही वाचलं जातं. उस्तादनं सिलिंडर बोअर केला, मोठा पिस्टन टाकला आणि विचारलं, "साहेब, मूळचा डबा आहे का, की भंगारात दिला?" मी माळ्यावर चढलो. डबा नव्हता. शोधता शोधता स्वयंपाकघरात, त्या न झालेल्या ओट्याच्या जागी असलेल्या टेबलाखाली, तो सापडला. हिनं त्यात लसूण ठेवला होता.

"हवा छान खेळती राहते त्यात," ही म्हणाली.

डबा परत बसला. भाच्यानं स्वतः बसवला, आतला नवा कागदी फिल्टर दोनदा तपासून. आठवडाभर गाडीला फोडणीचा वास येत होता. परवा सकाळी मी ती बाहेर काढून मंडईत जाऊन आलो, तर आप्पा जिन्यात भेटले.

"गाडी विकलीत वाटतं?" त्यांनी विचारलं.