जुनी ई-गाडी घेताय? आधी बॅटरीचा आकडा मागा

तारापूर एमआयडीसीतले मित्र हल्ली विचारतात, सेकंड हँड इलेक्ट्रिक कार घेऊ का? घ्या की! पण नुसतं किलोमीटर बघून नको.

बॅटरी जुनी झाली की फक्त रेंज घटत नाही. तिचा आतला रोध वाढतो, वीज पटकन घेता येत नाही. मग अहमदाबाद हायवेवर फास्ट चार्जिंगला थांबलात की जास्त वेळ जातो. जव्हारचा घाट उतरताना ब्रेकिंगमधून परत मिळणारी वीजही ती कमी घेऊ शकते, भार साध्या ब्रेकवर येतो. पूर्ण चार्ज करून रोज उन्हात उभी केलेली गाडी तर लवकर झिजते.

हे घेणाऱ्याला कळणार कसं? कॅलिफोर्नियाने २०२६च्या मॉडेलपासून बॅटरीची तब्येत गाडीतच दिसायला हवी, असा नियम केला होता. आपलं सरकार ई-गाड्यांना टोलमाफी देतं, चांगलंच आहे. मग गाडी नावावर करताना बॅटरीची उरलेली क्षमता लिहिणंही सक्तीचं करा. पगारातून हप्ते भरणाऱ्याने अंदाजावर लाखो रुपये का टाकायचे?

पटत असेल तर शेअर करा.